पाठकोऱ्या चिठ्ठ्या

यंदाही डिसेंबर लागला आणि व्याख्यानमालेची पत्रिका दारात येऊन पडली. गुळगुळीत जाड कागद, कोपऱ्यात समई, खाली 'सहकुटुंब अवश्य यावे'. मेलेली पाल बाहेर टाकताना धरतात तशी मी ती चिमटीत धरून आत आणली. विषय वाचला. 'नॅनोमेडिसिन आणि ज्याचा त्याचा उपचार : पुष्प दुसरे'. मागच्या वर्षी हॉल भरला होता, म्हणून यंदा पुन्हा तोच विषय. वक्ते तेवढे बदलले होते.

नागपुरात थंडी आधी कपाटातून बाहेर येते. स्वेटर, मफलर, कानटोप्या, आणि त्यांच्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास. आमच्या महाल भागातल्या हॉलमध्ये सगळी मंडळी दाटीवाटीनं बसली की डांबरगोळ्या, कोल्ड क्रीम, गुडघ्यांना लावलेला बाम आणि मागच्या रांगेत कुणीतरी सोललेलं संत्रं, असा एक वास तयार होतो. पूर्वी मला तो आवडायचा. नरखेडकडच्या खेड्यातून लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी मला व्याख्यानाला नेलं होतं. एक माणूस तासभर बोलतो आणि बाकीचे नुसते ऐकतात, कुणी मध्येच भांडायला उठत नाही, याचंच मला अप्रूप वाटलं होतं. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, व्याख्यानमालेच्या समितीवर गेले. आता त्या वासानं मला मळमळतं.

एवढं चिडायला काय झालं, असं कुणी विचारेल. तर ऐका. दहाची वेळ असते, पाहुणे सव्वादहाला येतात. मग समई. पंखा कुणी बंद करत नाही, वात काही धरत नाही, आणि एकाच मेणबत्तीला हात लावून पाचजण फोटो होईस्तोवर उभे राहतात. मग स्वागतगीत. मग परिचय. परिचय करून देणारा पाहुण्यांची एकूण एक बक्षिसं वाचतो, अगदी चौथीतल्या वक्तृत्वापासून, आणि पाहुणे मान खाली घालून हरभऱ्याच्या झाडावर चढत राहतात. मग शाल. ती दोन मिनिटं खांद्यावर राहते, मग खुर्चीच्या पाठीवर जाते, आणि तिचा खोका आमच्याकडे राहतो. मग अध्यक्ष उठतात. 'मी तुमच्यात आणि वक्त्यांच्यात फार वेळ उभा राहणार नाही,' असं म्हणतात आणि पंचवीस मिनिटं उभे राहतात. पुढच्या सोफ्यांवरच्यांना तोवर बशीतून संत्रा बर्फी फिरते. मागच्या खुर्च्यांपर्यंत फक्त तिचा वास येतो.

आमचे चिटणीस बापूसाहेब. कलेक्टर कचेरीतून निवृत्त, अठ्ठ्याहत्तरी पार, माणूस प्रामाणिक. पण कागद वाया गेलेला त्यांना खपत नाही आणि नियम मोडलेला सोसत नाही. श्रोत्यांनी उभं राहून प्रश्न विचारायचे नाहीत, चिठ्ठीवर लिहून द्यायचे, हा त्यांचा नियम. उभा राहिलेला माणूस प्रश्न विचारत नाही, भाषण ठोकतो, असा त्यांचा अनुभव, आणि तो काही खोटा नाही. चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. स्टेजच्या डाव्या अंगाला एक टेबल, तिथे मी बसते आणि तीन गठ्ठे करते : विषयाला धरून, विषय सोडून आणि वैयक्तिक. पहिला गठ्ठा बापूसाहेब माइकवरून वाचतात. मग तिन्ही गठ्ठे शालीच्या रिकाम्या खोक्यात जातात. फेकायचे नाहीत. चिठ्ठीची एक बाजू कोरी असते, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच चिठ्ठ्या उलटून वाटता येतात.

"वैयक्तिक अजिबात घ्यायचे नाहीत, मंदाताई," बापूसाहेब दरवर्षी बजावतात. "एकाचा घेतला का सारे आपापले गुडघे घेऊन येतात. व्याख्यानमाला आहे आपली. फुकटची ओपीडी थोडीच आहे!"

मला हे वाक्य फार आवडायचं. मी ते चार ठिकाणी सांगून लोकांना हसवलंही आहे.

मागच्या हिवाळ्यात माझ्या घरी वहिनी यायची. वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, गावाकडे संत्र्याची बाग करतो. वहिनीला कॅन्सर निघाला होता. दर तीन आठवड्यांनी दोघं एसटीनं नागपूरला यायची, केमो घ्यायची आणि दोन-तीन दिवस माझ्याकडे राहून परत जायची. तिच्या जिभेची आमच्या घरात मोठी ख्याती. एक फोड तोंडात टाकून ती सांगायची, हे विहिरीकडच्या झाडाचं, हे बांधावरचं. दादा मुद्दाम फळं बदलून तिची परीक्षा घ्यायचा आणि हरायचा. पाहुण्यांसमोर हरायला तर त्याला फारच आवडायचं.

केमो सुरू झाली आणि ती जीभ गेली. आधी गोड गेलं, मग आंबट, आणि मग सगळ्याला एकच चव यायला लागली.

"पान्यालेबी लोखंड लागते वं, मंदा," ती म्हणायची. "कुलूप चोखून राहिली असं वाटते."

आणि संत्र्याचा वास तर तिला सोसेचना. बागेतल्या बाईला संत्र्याच्या वासानं उलटी व्हावी, याहून वाईट काय असेल! बागेत फळांचा तोडा चालू होता. दादानं ओसरीतली क्रेटं उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. आत येण्याआधी तो राखेनं हात घासायचा, मग साबणानं, मग लिंबानं, मग लिंबाचाही वास नको म्हणून पुन्हा साबणानं. पण सालीचं तेल नखात बसतं, ते निघत नाही. मी गेले होते तेव्हा पाहिलं, तो तिच्या खाटेशी बसला होता आणि दोन्ही हात पाठीमागे धरून बोलत होता.

माझ्याकडे आली की मी काय काय करायचे. मुगाचं वरण, भाताची पेज, साबुदाण्याची खीर. सुई टोचून टोचून तिचा उजवा हात सुजलेला, त्यावर पट्टी, म्हणून ती चमच्यानं जेवायची. मी कपाटातला आहेरात आलेला चांगला जड स्टीलचा चमचा तिच्यासाठी काढला होता. ती चमचा तोंडात घ्यायची, डोळे मिटायची आणि गिळायची. चार घास झाले की ताट सरकवायची. दवाखान्यात विचारावं, तर आत गेल्यावर डॉक्टर रिपोर्ट पाहणार की चव विचारणार? बाहेर बाकांवर माणसं बसलेली, काही जमिनीवर. "जेवण जात नाही," म्हटलं की "जेवायचं," असं उत्तर येई आणि पुढचं नाव पुकारलं जाई.

अशाच एका केमोनंतरच्या रविवारी आमचं व्याख्यान होतं. वहिनी घरी झोपली होती. विषय ऐकून दादा म्हणाला, "मी येतो वं मंदा. ते औषध काय निंगालं नवीन, आयकून तं पाहू." पांढरा सदरा, मफलर, आणि मांडीवर रिपोर्टची कापडी पिशवी. सहाव्या रांगेत तो असा बसला होता जणू आतून कुणी त्याचं नाव पुकारणार आहे.

वक्ते परदेशातून आलेले, मूळचे इकडचे. बोलले छान. मला राग विषयाचा नाही, हे सांगून टाकते. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणात औषध भरायचं, कणाला बिघडलेल्या पेशीचा पत्ता द्यायचा, म्हणजे ते बाकीच्या शरीराला फारसा त्रास न देता तिथेच जाऊन उघडेल. माणसामाणसाची घडण वेगळी, म्हणून औषधही ज्याचं त्याला. कुणाला नको आहे हे? पण 'प्रत्येक रुग्ण एकमेव असतो' असं म्हणताना ते घड्याळात पाहत होते. सोनेरी कणांचा चमचमता व्हिडिओ लागला तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघींनी उठून त्याच्यासमोर सेल्फी काढला. मागे पडद्यावर कुणाचं तरी यकृत होतं.

मग चिठ्ठ्या आल्या. एक उघडली आणि अक्षर ओळखलं. लग्नानंतर मला गावाहून पत्रं यायची ती ह्याच अक्षरात, उजवीकडे उतरत जाणाऱ्या ओळी. पहिली ओळ होती, 'माझी पत्नी कॅन्सरची पेशंट आहे.' पुढे वाचलं नाही. तिसऱ्या गठ्ठ्यावर ठेवली.

हात आपोआप गेला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. नियम होता, हे खरं. पण मला लाजही वाटली होती. बापूसाहेब ती चिठ्ठी वाचतील, सोफ्यांवरच्या माना मागे वळतील आणि माझा भाऊ त्या सगळ्यांसमोर पिशवी घेऊन उभा राहील. माझी बायको वाचेल का, असं रडवेल्या तोंडानं विचारेल. हे सगळं मी मनातल्या मनात रचलं. न वाचताच. ज्या बाईनं वर्गात वर्षानुवर्षं मुलांना सांगितलं की प्रश्न विचारायला लाजू नका, तिनं.

बापूसाहेबांनी पहिल्या गठ्ठ्यातला पहिला प्रश्न वाचला : 'हे तंत्रज्ञान आपल्या पूर्वजांना ठाऊक होते काय?' पाहुणे यावर दहा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. तो प्रश्न विषयाला धरून आहे, असं मीच ठरवलं होतं.

नंतर बाहेर अंगणात तर्री-पोहे होते. कागदाच्या बशा आणि त्यात खोचलेले चपटे लाकडी चमचे. दादा उन्हात उभा राहून खात होता. मी भीत भीत जवळ गेले, तर तो चक्क खुशीत होता.

"समजलं मले," तो म्हणाला. "ठिबकच आहे ते. पाटानं पानी सोडलं का झाडालेबी जाते, तनालेबी जाते, सारं वावर चिखल. आता तुह्या वहिनीले पाटानं पानी देऊन राहिले. हे लोक म्हन्तेत ठिबक लावू, बरोबर मुयापाशी. आन् दुसरं काय, तं झाड पाहून दवा. हे तं आमी करतोच."

तासाभराचं व्याख्यान त्यानं चार वाक्यांत मांडलं. आत बसलेल्यांपैकी इतकं कुणाला कळलं असेल, मला शंका आहे.

"माही चिठ्ठी नाही वाचली वं त्याईनं?"

"वेळ संपला, दादा," मी म्हणाले. घरी मी त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलते. त्या अंगणात मात्र माझ्या तोंडून महालातली भाषा आली.

"असू दे. मोठ्या मानसाईले टाइम नसते." त्यानं पोहे संपवले. कचऱ्याचा डबा भरून वाहत होता, बशा पायाशी येत होत्या. त्यानं आपली बशी घडी करून डब्यात दाबून बसवली, चमचा रुमालाला पुसला, खिशात टाकला आणि वहिनीला न्यायला माझ्या घराकडे चालू लागला. दुपारच्या एसटीनं ती दोघं गेली.

होळीनंतर वहिनीचं येणं थांबलं. डॉक्टरांनीच आता नको म्हटलं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ती गेली. शेवटचा महिनाभर तिनं जवळपास काही तोंडात घेतलं नाही. दुखण्यापेक्षा जेवणाचीच तिला धास्ती बसली होती. ताट येताना दिसलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. दादा ताट घेऊन उभा राहायचा, मग परत न्यायचा. हे त्यानंच मला तेराव्याला सांगितलं, आणि मग उठून बैलांना पाणी पाजायला गेला.

तर आता यंदाचा रविवार. तोच हॉल, तोच वास. मी जाणार नव्हते, पण बापूसाहेबांचे तीन फोन आले. यंदाच्या वक्त्या तरुण, इथल्याच, प्रयोगशाळेत हेच काम करणाऱ्या. शाल घेताना त्यांना हसू आवरत नव्हतं. चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, मागच्याच, उलट्या करून. तासाभरानं माझ्याकडे परत आल्या. मी गठ्ठे पाडायला बसले. एका चिठ्ठीवर निळ्या शाईत कुणीतरी विचारलं होतं, या क्षेत्रात आपला देश पहिला केव्हा येणार. शाई पातळ कागदातून फुटली होती, म्हणून मी चिठ्ठी उलटली.

उजवीकडे उतरत जाणाऱ्या ओळी.

'माझी पत्नी कॅन्सरची पेशंट आहे. आपण म्हणाले की नवीन औषध फक्त खराब पेशीवर जाते. तर मग तोंडाची चव शाबूत राहते काय? आणि ते औषध आमच्यापर्यंत येईपर्यंत तिला दोन घास बरे लागावे म्हणून घरी काय करता येते? नरखेडकडचा एक श्रोता.'

मी ती दोनदा वाचली. तो रडणार नव्हता. 'वाचेल का' असं त्यानं विचारलंच नव्हतं. त्या दिवशीच्या सगळ्या चिठ्ठ्यांत खरा प्रश्न हा एकच होता आणि मी तो शालीच्या खोक्यात भरला होता. बर्फीची, सोफ्यांची, सेल्फीची मला शिसारी येते, पण ती वरवरची. आत जी आली ती माझीच होती. मला तिथे, त्या टेबलापाशी, स्वतःची किळस आली.

मी उठले, बापूसाहेबांच्या हातातला माइक घेतला आणि ती चिठ्ठी वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. बापूसाहेबांचा चेहरा मी पाहिला नाही.

वक्त्या खुर्चीत सावरून बसल्या. "हे विचारणारे कुठे आहेत?"

"आज आले नाहीत," मी म्हणाले.

"मग त्यांना सांगा." त्यांनी समोरचा लॅपटॉप मिटला. "अशी काही औषधं आजही आहेत, पण सगळ्या आजारांना नाहीत. त्यांनी त्रास कमी होऊ शकतो, नाहीसा होत नाही. आमची धडपड तीच आहे. पण दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तोंडात लोखंडासारखी चव येते ना, ती पुष्कळांना धातूच्या भांड्यानं आणखी जाणवते. स्टीलचा चमचा बंद करा. लाकडाचा द्या, प्लास्टिकचा द्या. जेवण गरम नको, गार करून द्या, म्हणजे वास कमी येतो. खाण्याआधी मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भरायची. सगळ्यांनाच गुण येईल असं नाही. पण बऱ्याच जणांना चार घास जास्त जातात."

दोन मिनिटं. फार तर दोन. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघी-तिघींनी पिशवीतून पेन काढून ते लिहून घेतलं. तिसऱ्या रांगेतला एक माणूस उठून जवळ आला आणि 'सोडा किती म्हणाल्या?' असं हळूच विचारून गेला.

कार्यक्रम संपल्यावर बापूसाहेब माझ्याजवळ आले. "मंदाताई, वैयक्तिक होता तो."

"हो," मी म्हणाले. "माझ्या भावाचा होता."

ते चिठ्ठ्या गोळा करून खोक्यात भरू लागले. मी ती एक चिठ्ठी घेतली आणि पोहे न खाता घरी आले.

लाकडाच्या चमच्यानं वहिनी वाचली असती, असं मी म्हणत नाही. इतकी खुळी मी नाही. पण माझ्या घरी, माझ्या हातचं, चांगल्या जड स्टीलच्या चमच्यानं ती कुलूप चोखत होती, आणि तो चमचा मी तिला मानानं काढून दिला होता. आता हे कळून काय उपयोग? वरातीमागून घोडं. दादाला सांगावं की नाही, यात माझे दोन तास गेले. न सांगणं सोपं होतं. मागच्या वर्षीही मी सोपं तेच केलं होतं. मी फोन लावला.

तो बागेत होता. मागे मोटारपंपाचा आवाज येत होता.

"दादा, तुही ते चिठ्ठी आज वाचली."

"कोनती वं?"

"मागच्या वर्षीची. तवा टाइम संपला नोता. मीच बाजूले ठेवली होती. मले लाज वाटली."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मंग?" तो म्हणाला. "काय म्हने डॉक्टर?"

मी सांगितलं. गार जेवण सांगितलं, मिठाची चूळ सांगितली. चमच्याचं सगळ्यात शेवटी सांगितलं.

"लाकडाचा?"

"हो."

"पोह्यात होता तसा?"

"हो, दादा. तसाच."

पंपाचा आवाज येत राहिला.

"तो तं मी घरी आनला होता वं," दादा म्हणाला.